डिझाइनवाल्यांनो, आमच्या बागेतले तीनशे फूट बघायला या

देशभरातल्या डिझाइन आणि इंजिनिअरिंग कॉलेजांमधल्या सर-मॅडम लोकांना, आणि तिथल्या पोरापोरींना,

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून नमस्कार.

तुमची पोरं अधूनमधून आमच्याकडे येत राहतात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, आणि बांधावर बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच की काका तुम्ही कोणकोणती ॲप वापरता. पोरं चांगली राहतात, चहा पितात, केळीच्या घडासोबत फोटो काढतात, आणि मग काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एखादं पीपीटी येतं ज्यात "शेतकऱ्याला जगाशी जोडणारं" ॲप असतं, हिरव्या रंगाचं, टोपी घातलेल्या माणसाचं चित्र असलेलं, अन् लॉगिन इंग्रजीत. नंतर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, आम्ही पण नाही आणि ती पोरं पण नाही. राग नाही माझा. पण म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, कारण ह्या जोडण्याबिडण्याच्या विषयातलं आम्हाला थोडंफार कळतं. आमच्या भागातली केळी इराण, इराक, दुबई, ओमानला जातात. जोडलेले तर आम्ही कधीचेच आहोत भो, फक्त ज्या वस्तूंनी जोडलं त्यांना स्क्रीन नाही म्हणून तुमच्या पीपीटीत त्या येत नाहीत.

आधी ठिबकच घ्या. आमच्याकडे शाळेतल्या पोराला पण ड्रिपर, म्हणजे नळीवरचं थेंब सोडणारं तोंड, उघडून साफ करता येतो, पण तो आतून असा वेडावाकडा का असतो हे कोणी विचारत नाही. सिमखा ब्लास नावाचा पाण्याचा इंजिनिअर होता, पोलंडमधून पॅलेस्टाईनला जाऊन राहिलेला. १९३० च्या दशकात त्याला म्हणे कोणीतरी दाखवलं की ओळीतलं एकच झाड बाकीच्यांपेक्षा मोठं झालंय, आणि उकरून पाहिलं तर खाली पाईप थेंब थेंब गळत होता. गोष्ट एवढीच. आता थेंब काढायचा म्हणजे भोक बारीक करायचं, आणि बारीक भोक म्हटलं की कचऱ्यानं बुजणारच, घोडं तिथंच अडायचं. ब्लासनं भोक बारीक नाही केलं, त्यानं पाण्याचा रस्ता लांब केला, वळणावळणाचा, म्हणजे त्या वळणांमध्येच प्रेशर संपतं आणि तोंडाशी येईस्तोवर नुसता थेंब उरतो, भोक मात्र मोठंच्या मोठं. प्लास्टिक आल्यावर १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यानं आणि त्याच्या मुलानं हे जमवलं आणि १९६५ ला नेगेव्ह वाळवंटातल्या हात्झेरीम नावाच्या किबुत्झनं (किबुत्झ म्हणजे तिकडची सामुदायिक शेतीची वसाहत) त्याचा कारखाना काढला.

जळगावात ठिबक आलं ऐंशीच्या दशकात, भवरलाल जैनांनी आणलं, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा माणूस. तेव्हा लोक हसायचे, माझे आजोबा तर म्हणायचे केळीला बदाबदा पाणी लागतं, हे सलाईन लावून काय होणार. पण नुसतं आणून भागलं नाही हे मला तुम्हाला सांगायचंय. तिकडची वाळू वेगळी अन् आमची काळी माती वेगळी, आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, नळीच्या तोंडाशी पांढरा थर धरतो म्हणून ॲसिड सोडावं लागतं, फिल्टर धुवावा लागतो, उंदीर नळ्या कुरतडतात, मजूर निंदताना विळा मारतो, आणि लाईटचा तर विषयच सोडा. हे सगळं निस्तरत निस्तरत ती वस्तू इथली झाली. आणि मग ओघ उलटा पण वाहिला, जळगावच्या कंपनीनं इस्रायलची नानदान नावाची ठिबक कंपनी २००७ साली निम्मी घेतली आणि पुढे उरलेली पण घेतली. वाळवंटातून निघालेली कल्पना तापीच्या काठी आली, इथल्या पाण्यानं तिला धडा शिकवला, आणि ती परत गेली. ह्याला मी जोडणं म्हणतो.

आता लाईटचा विषय निघालाच आहे तर. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा अन् काही दिवस रात्री राहते. रात्री बाराला मोटर चालू करायला केळीच्या बागेत जायचं म्हणजे आत काळोख, साप, आणि सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या पण. त्याच्यावर मोबाईल स्टार्टर निघाला. मोटरच्या पेटीत सिमकार्ड घालायचं, घरून फोन लावायचा, मोटर सुरू, लाईट गेली आली तरी तोच कळवतो. साध्या बटणाच्या फोनवर चालायचा तो. त्याला कोणी ट्रेनिंग घेतलं नाही, कोणी मीटिंग घेतली नाही, एकानं बसवला अन् वर्षाच्या आत शिवारभर झाला. का झाला हा प्रश्न तुम्ही वर्गात घ्या. माझं उत्तर सोपं आहे, ज्यानं बनवला तो कधीतरी रात्री मोटर चालू करायला गेलेला माणूस असणार किंवा त्यानं जाणाऱ्याला नीट विचारलेलं असणार.

रोपांची गोष्ट तर ह्याच्याहून लांबची. आमच्या वडिलांच्या काळात कंद लावायचे, बसराई जात, कंद खोदायचे, सोलायचे, बैलगाडीत भरून आणायचे, एकाच्या बागेतला रोग दुसऱ्याच्या बागेत घेऊन यायचे. नव्वदच्या दशकापासून टिश्यूची रोपं आली, ग्रँड नैन, आणि मग शिवारात सगळे घड एका वेळी कापायला यायला लागले. ही जी टिश्यूची पद्धत आहे, बाटलीतल्या जेलीत इवलासा कोंब वाढवायचा, त्या जेलीत काय काय किती घालायचं ह्याची सगळ्यात जास्त वापरातली रेसिपी १९६२ ची आहे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात तोशियो मुराशिगे आणि फोल्के स्कूग ह्या दोघांनी काढलेली. एक हवाईत वाढलेला जपानी वंशाचा विद्यार्थी आणि एक स्वीडनमधून आलेला प्रोफेसर, आणि ते काम करत होते तंबाखूवर. केळी त्यांच्या डोक्यात पण नव्हती. आज जगातल्या कुठल्याही टिश्यू लॅबमध्ये जा, त्या दोघांच्या नावाचं मिश्रण सापडेल.

आणि बसराई काय अन् ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश कुळातल्या. हे कॅव्हेंडिश म्हणजे इंग्लंडचा एक ड्यूक. त्याच्या चॅट्सवर्थच्या वाड्यावर जोसेफ पॅक्सटन नावाचा माळी होता, त्यानं मॉरिशसकडून आलेलं केळीचं रोप काचेच्या घरात वाढवलं आणि १८३५ मध्ये त्याला कमळ आलं (केळफुलाला आम्ही कमळ म्हणतो). तिथून मिशनऱ्यांनी ती रोपं पार पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांपर्यंत नेली. तुम्हाला पॅक्सटन माहीत असेल पण वेगळ्या कारणानं, लंडनमधला १८५१ चा तो काचेचा महाल, क्रिस्टल पॅलेस, तो त्याचाच. एकाच मापाच्या काचा, एकाच मापाचे लोखंडी तुकडे, कारखान्यात बनवायचे आणि जागेवर नुसते जोडायचे. म्हणजे ज्या माणसाला तुम्ही आर्किटेक्चरच्या पेपरात शिकता तो आमच्या धंद्यातला पूर्वजच निघाला. मला हे कळलं तेव्हा मी तीन-चार जणांना फोन करून सांगितलं, कोणाला विशेष वाटलं नाही, एकजण म्हणाला ते जाऊ दे आजचा केळीचा बोर्डाचा भाव काय निघाला.

ह्याच्यातच एक भीती पण आहे, ती इथंच सांगून टाकतो. केळीला बी नाही, सगळी ग्रँड नैन म्हणजे एकाच झाडाच्या नकला, रावेरला तीच, इक्वेडोरला पण तीच. पन्नास-साठच्या दशकापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची जात होती, ती पनामा रोगानं (मातीतल्या बुरशीनं झाड वाळतं तो रोग) बसवली म्हणून तर कॅव्हेंडिश आली. आता त्याच रोगाचा नवीन प्रकार, टीआर-४, कॅव्हेंडिशला पण धरतो, तैवानकडून सुरू होऊन देश ओलांडत आला आणि आपल्याकडे बिहारमध्ये सापडलेला आहे. तो मातीतून येतो. मातीतून म्हणजे कशातून, तर ट्रॅक्टरच्या चाकातून, फावड्याच्या पात्यातून, आणि आमच्या-तुमच्या बुटाच्या तळव्यातून. ज्या रस्त्यानं माल जातो त्याच रस्त्यानं रोग येतो.

आता मेन गोष्टीवर येतो, डबा, म्हणजे कंटेनर.

आमच्या इथून दोन-अडीच तासांवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या चित्रांत जो निळा रंग आहे तो लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला, दीड हजार वर्षांपूर्वी. म्हणजे दूरदेशाशी नातं हे काय इंटरनेटनं लावलेलं नाही. पण बघा, तो रंग महाग होता, पिशवीभर उंटावर टाकला की भागलं. महागडी वस्तू जगात कायम फिरत आलीय. स्वस्त, जड आणि चार दिवसांत नासणारी वस्तू समुद्रापार जायला लागली हे नवीन आहे, आणि ते झालं एका पत्र्याच्या डब्यामुळे.

माल्कम मॅकलीन हा अमेरिकेतला ट्रकवाला. त्याला जहाजातलं काही कळत नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच त्याला ते सुचलं. बंदरावर ट्रक दिवसदिवस उभे, हमाल एक एक पोतं, एक एक पेटी उतरवून जहाजात रचताहेत, तर तो म्हणाला आख्खा डबाच उचलून ठेवा ना. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं आयडियल-एक्स नावाचं जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, ५८ डबे घेऊन. सुटा माल चढवायला टनाला ५.८६ डॉलर लागायचे ते १६ सेंटवर आले. पण डबा बनवणं सोपं होतं, अवघड होता त्याचा कोपरा. कीथ टँटलिंगर नावाच्या इंजिनिअरनं कोपऱ्याला असं लॉक बसवलं की क्रेननं वरून धरायचं, फिरवायचं, झालं, डब्यावर डबा पण त्यानंच अडकतो आणि ट्रकवर पण त्यानंच. आणि मग कंपनीनं ते पेटंट सगळ्यांसाठी मोकळं सोडलं, नाहीतर प्रत्येक देशाचा कोपरा वेगळा झाला असता आणि सगळं मुसळ केरात. साठच्या दशकाच्या शेवटी त्याची आंतरराष्ट्रीय मापं ठरली, वीस फूट, चाळीस फूट. आज आमच्या पॅकहाऊसच्या, म्हणजे केळी धुऊन पेट्यांत भरायच्या शेडच्या, दारात जो कंटेनर लागतो तो चीनमध्ये बनलेला असो की कुठं, न्हावाशेवाच्या क्रेनला फरक पडत नाही, तिकडे इराणच्या बंदर अब्बासच्या पण नाही.

(ह्यात बंदरावरचे हमाल कायमचे गेले, जगभर गेले. हे पण तुमच्या पुस्तकात असायला पाहिजे.)

त्या डब्यात थंडी भरली ती पुढची गोष्ट. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन मेकॅनिक, शाळा फारशी न शिकलेला, त्यानं १९४० च्या आसपास ट्रकवर बसवायचं कूलिंग मशीन काढलं जे रस्त्याच्या धक्क्यांनी बंद पडत नव्हतं. केळीला तेरा-साडेतेरा डिग्री लागते. त्याच्याखाली गेलं की साल राखाडी पडते, वर गेलं की डब्यातच पिकायला लागते, आणि एक घड पिकला की त्याचा गॅस बाकीच्यांना पिकवतो. बाहेर रावेरला मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा आणि आत तेरा. मी कधी कधी त्या दारात उभा राहतो नुसता.

अजून एक वस्तू, कागदाची. केळीचा कलर चार्ट तुम्ही पाहिलाय का? एक ते सात नंबर, पार हिरव्यापासून ते पिवळ्यावर तपकिरी ठिपक्यांपर्यंत, सात फोटो ओळीनं. मागं एका एक्स्पोर्टरसोबत इराणचा एक खरेदीदार आमच्या शेजारच्या पॅकहाऊसला आला होता. त्याला हिंदी येत नव्हतं, आम्हाला फारसी येत नव्हतं, आणि इंग्रजी दोन्हीकडे मोजूनमापून. एक्स्पोर्टर फोनवर बाहेर गेला तर आम्ही दोघं तसेच उभे. मग त्यानं चार्टवर बोट ठेवलं, मी मान हलवली. त्यानं जाडी मोजायचा कॅलिपर काढून मधल्या फणीच्या केळीला लावला, मी आकडा वाचला. त्यानं फणी उलटी करून चिकाचे डाग पाहिले, मी फण्या धुवायच्या टाकीतलं पाणी दाखवलं. त्यानं हातानं नागमोडी करून विचारलं की रस्त्यात खड्डे किती, आणि तेव्हा आम्ही दोघं हसलो. एक्स्पोर्टर परत आला तेव्हा बरंचसं ठरून गेलं होतं. तो चार्ट कोणी काढला त्याचं नाव आमच्याकडे कोणाला माहीत नाही आणि त्याला अवॉर्ड पण मिळालं नसेल.

क्यूआर कोडचं पण असंच. १९९४ ला जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा ह्या इंजिनिअरनं गाड्यांच्या पार्टसाठी काढला, दुपारच्या सुट्टीत गो नावाचा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळता खेळता सुचलं म्हणतात. पेटंट होतं पण कंपनीनं कोणाला अडवलं नाही. त्याचा एक भाग मळला फाटला तरी तो वाचता येतो. म्हणून तर २०१६ ला यूपीआय आल्यावर तो सावद्याच्या स्टेशनबाहेर वड्याच्या गाडीवर तेलानं माखलेला असूनही चालतो. असो.

तर हे सगळं मी का सांगितलं. ठिबक, रोप, डबा, थंडी, चार्ट, ह्या सगळ्यांनी मिळून रावेर ते इराण हे अंतर सोडवलं. हजारो किलोमीटर सुटले. पण झाडापासून बांधापर्यंतचे तीनशे फूट कोणीच सोडवले नाहीत.

त्या तीनशे फुटांत काय होतं ते सांगतो. घड पंचवीस किलोचा, कधी तीसचा. एकजण विळ्यानं दांडा कापतो, दुसरा खाली खांद्यावर चुंबळ घेऊन उभा राहतो आणि वरून घड त्याच्या खांद्यावर येतो. मग तो चालतो. खाली ठिबकच्या नळ्या, त्यात पाय अडकतो. आजूबाजूला बांबू अन् दोऱ्या, कारण वादळ आलं की बाग आडवी होते म्हणून झाडांना आधार दिलेला. वर वाळलेली पानं, तोंडाला लागतात. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय घोट्याच्या वर जातो. चीक अंगावर गळतो, तो काळा पडतो आणि कपड्यावरून मरेपर्यंत निघत नाही. आणि एक्स्पोर्टचा माल असला तर घडाला कशाचाही धक्का लागता कामा नये, एक ओरखडा आला तर फणी रिजेक्ट. म्हणजे घडाला फोमची गादी आहे अन् माणसाच्या खांद्याला फाटका टॉवेल. हे काम करणारी माणसं पावरा, तडवी आदिवासी, पायथ्याच्या पाड्यांवरची, आणि पॅकिंगच्या टोळ्या काही ठिकाणी पार बंगाल-बिहारकडच्या. टाकीवर बाया उभ्या राहतात, फण्या धुणाऱ्या, दिवसभर हात पाण्यात, तुरटीच्या अन् औषधाच्या पाण्यात, आणि टाकीची उंची कुठल्या बाईला मोजून ठरवलेली नाही, गवंड्यानं बांधली तेवढी.

तुम्ही म्हणाल बाहेरच्या देशात कसं करतात. इक्वेडोर, कोस्टारिका, फिलिपिन्सला बागेतून वरून केबल गेलेली असते, तिला घड लटकवतात आणि वीस-पंचवीस घडांची माळ एक माणूस कमरेला पट्टा लावून ओढत नेतो. व्हिडिओ आहेत, आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेत. एका मोठ्या शेतकऱ्यानं आमच्या भागात बसवायचा विचार पण केला होता. पण ती केबल हजारो एकरांच्या एका मालकाच्या बागेसाठी बनवलेली आहे. पोल कायमचे, पाया काँक्रीटचा. आमच्याकडे दोन एकर माझे, मध्ये चुलत्यांचे दीड, त्यांनी यंदा हळद लावलीय, पुढे नाला, मग माझे परत एक एकर. दोन-तीन वर्षांत केळी काढून आम्ही पण दुसरं पीक घेतो, मग ते पोल काय पूजेला ठेवायचे? शिवाय तिकडे तो पट्टा ओढणारा माणूस पण काही सुखात नाही, एवढं मला व्हिडिओत पण दिसतं.

म्हणजे तिकडची वस्तू आहे तशी उचलून इथं येणार नाही, जशी ठिबक आली नव्हती. कोणीतरी इथल्या मातीत बसून ती परत बनवायला पाहिजे. उखडून दुसऱ्याच्या शेतात नेता येईल अशी, दोन माणसं तासाभरात उभी करतील अशी, एकट्याला परवडणार नाही पण गावातला एकजण घेऊन भाड्यानं देईल अशी, जसा आमच्याकडे रोटाव्हेटर भाड्यानं मिळतो. का एकचाकी गाडी असेल, का पाठीवरची चौकट असेल, मला माहीत नाही, मला माहीत असतं तर तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. ती बनली ना, तर फक्त रावेर-यावलची नाही, बऱ्हाणपूर, सोलापूर, आंध्र, आणि युगांडात पण जिथे छोट्या छोट्या शेतात केळी आहे तिथे ती जाईल. आत्तापर्यंत आम्ही बाहेरून घेत आलो, एखादी वस्तू इथून निघून बाहेर जाऊ दे.

आणि त्या बुटाच्या तळव्याचं पण बघा. बागेत शिरताना बूट धुवायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे, असं सगळे तज्ज्ञ सांगतात, आणि करत कोणी नाही, कारण आमच्या बागेला गेट नाही, चारी बाजूंनी पायवाट आहे, आणि निम्मे लोक चपलेवर राहतात. मोठ्या कंपनीच्या बागेतला हौद इथं चालत नाही. चपलेवाल्या माणसाला, चारी बाजूंनी येणाऱ्याला, पाणी टंचाईच्या गावात, सहज होईल असं काय करता येईल? हा तुमच्या परीक्षेत विचारण्यासारखा प्रश्न आहे, माझ्या मते त्या ॲपपेक्षा अवघड.

तुमच्याच घरातली एक गोष्ट आठवण करून देतो. १९५८ मध्ये भारत सरकारनं अमेरिकेतल्या चार्ल्स आणि रे ईम्स ह्या नवरा-बायकोला बोलावलं होतं, ते देशभर फिरले आणि त्यांनी अहवाल लिहिला, आणि त्याच्यावरून १९६१ ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं तर आपल्या लोट्याचं. कुठल्या हातात, कमरेवर की डोक्यावर, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, ओतताना कसा, धुताना कसा, कोण धरणार, बाई की पोर, हे सगळे प्रश्न त्यांनी त्या एका लोट्याबद्दल मांडले. परदेशातून आलेल्या माणसांनी मांडले. मग त्याच प्रश्नांची यादी घेऊन तुम्ही आमच्या घडाकडे या ना. भरलेला घड खांद्यावर कसा बसतो, तो कुठं टोचतो, उतरवताना कोण धरतं, रिकामं परत जाताना हात काय करतात.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे गैरसमज नको. आम्ही काही गरीब बिचारे म्हणून हे मागत नाही. चांगला भाव असला की आमच्या इथं पैसा येतो, गावात बंगले आहेत, पोरं पुण्याला शिकतात. बागायतदाराला विचाराल तर तो म्हणेल मजूर मिळत नाही ही अडचण आहे, मशीन द्या. घड वाहणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल मशीन आलं तर माझी मजुरी जाईल, बंदरावरच्या हमालांसारखी. दोघांचं म्हणणं खरं आहे. मी स्वतः बागायतदार आहे तर माझ्या सांगण्यात पण माझा फायदा मिसळलेला असणारच, म्हणून नुसतं मला विचारून जाऊ नका. त्याला विचारा, टाकीवरच्या बाईला विचारा, तिच्या बोलीत विचारा, पावरीत नाहीतर तडवी भिल्लांच्या बोलीत, सोबत त्यांच्यातलाच कोणी शिकलेला पोरगा घ्या, असे पोरं आता आहेत बरेच. आणि जे काही बनेल त्याच्यात एक माणूस कमी करण्याचा हिशेब नका धरू, त्याच माणसाचा खांदा पन्नाशीपर्यंत शाबूत राहील असा हिशेब धरा.

बनवलंच तर ते पेटंट मोकळं सोडा, एवढी एक अट माझी. आमच्या भुसावळ-फैजपूरचे फॅब्रिकेशनवाले ते बघून तीन दिवसांत दुसरं बनवतीलच, तुम्ही सोडा नाहीतर नका सोडू. सोडलं तर निदान नीट मापात बनवतील.

यायचं असेल तर मे-जूनमध्ये या. तेव्हा कापणी जोरात राहते आणि ऊन पण खरं राहतं, हिवाळ्यात आलात तर सगळं सुंदरच दिसेल. भुसावळला उतरा, तिथून खंडवा लाईनला सावदा किंवा रावेर, पुढं आम्ही घ्यायला येऊ. एका दिवसासाठी येऊ नका, आठ दिवस राहा, राहायची सोय होईल, जेवायला भरीत अन् कळण्याची भाकरी मिळेल. पहिले दोन दिवस काही विचारू नका, नुसते घड वाहा, जमतील तेवढे. टोपी आणा. कपडे जुने आणा, चिकाचं वर सांगितलंच आहे. आणि बांधावर आल्यावर आधी बूट धुवा, बादली आम्ही ठेवू.

तुमचा,
रावेर तालुक्यातला एक केळीवाला